पांढरं इंजेक्शन

मावशीचा गुडघा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो सासऱ्यांच्या सांगण्यावरून. ते ओट्यावर बसले होते, मावशी अंगणात उभी होती, आणि त्यांनी मला आतून हाक मारली.

"सूनबाई, इकडं ये. हिचा गुडघा पाह्य जरा. शिमग्यापर्यंत चालन का, ते सांग."

बैल घेताना दात बघायला एखाद्या जाणत्याला पुढे करावं, तसं त्यांनी मला पुढे केलं. मी यवतमाळची, वडील कचेरीत नोकरीला, मी बी.एस्सी. झालेली. त्यामुळे औषधपाण्यातलं कळणारी घरात मीच, असं लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरून गेलं होतं. सासूबाई नव्हत्या. नवरा घाटंजीच्या शाळेत मास्तर, दिवसभर बाहेर. घर, गडीमाणसं, वेचणीच्या बाया, सगळं मामाजी आणि मी बघायचो. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची.

मावशीनं लुगडं वर ओढलं. उजवा गुडघा डाव्याच्या दीडपट झाला होता. बाजूनं बोट दाबलं की आत पाणी हललेलं कळायचं. वाकवला की कटकट आवाज येई. मावशी हसत होती. तिच्या वयाच्या बाईला मालकाच्या सुनेसमोर मांडीपर्यंत लुगडं वर करावं लागतं, म्हणून ती हसत असावी. तिचं वय पंचेचाळीसच्या आसपास असेल. तेव्हा मला ती म्हातारी वाटायची.

मावशी आमच्या नात्यातली नव्हती. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. वेचणीच्या बारा बायांच्या टोळीची ती म्होरकी होती. ती ज्या वावरात शिरेल, त्या वावरात टोळी जाई. ती स्वतः दोन्ही हातांनी वेचायची, बोंडातला कापूस अख्खा बाहेर यायचा, वाळल्या पानांचा कचरा काडीभरही येत नसे. मामाजी तिच्याबद्दल अभिमानानं बोलत. आपल्या बैलजोडीबद्दलही ते तसंच बोलत.

कापसाची ती वाईट वर्षं होती. अळी पडायची, ती सुटली तर भाव पडायचा, आणि बाजारात गाड्या दोन दोन दिवस उभ्या राहायच्या. त्या साली पाऊस उशिरा आला आणि उशिरा गेला, त्यामुळे सगळ्यांचा कापूस एकदम फुटला. गावभर पांढरी झालेली वावरं, आणि बाया मिळेनात. वर आभाळ रोज भरून येई. ओला झाला की कापूस पिवळा पडतो, मग बाजारात त्याला कुणी हात लावत नाही. ज्याच्याकडे टोळी, त्याचा कापूस घरात. म्हणून मावशीचा गुडघा हा आमच्या घरचा विषय होता.

"पाणी झालंय आत," मी म्हणाले. "आराम पाहिजे."

"आराम शिमग्यानंतर," मामाजी म्हणाले. "सुईवाल्याकडं घेऊन जा हिले."

सुईवाला डॉक्टर आठवड्यातून दोनदा फटफटीवर यायचा आणि कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत बसायचा. पुढे फवारणीच्या औषधांचे डबे, मागे हा. त्या खोलीत कायम कीटकनाशकाचा वास भरलेला असे. एक लाकडी बाक, एक स्टोव्ह, स्टोव्हवर पातेलं, पातेल्यात उकळत्या सुया. पाणी खरंच उकळलंय का, हे बघायला कुणी थांबत नसे, एवढी गर्दी. त्याची पदवी काय ते कुणी विचारलं नव्हतं. सांधे धरलेल्या बाया बाकावर रांगेनं बसत, लुगडं वर करत, आणि तो एकेका गुडघ्यात दुधासारखं पांढरं औषध भरून पुढे सरकत असे. हातमोजे नव्हते. गुडघ्यावर स्पिरिटचा बोळा एकदा फिरवला की झालं.

मावशीच्या गुडघ्यातून त्यानं आधी पिवळं पाणी काढलं, मग पांढरं औषध आत सोडलं. मी तिचा पाय धरला होता. तिनं दात घट्ट आवळले, पण तोंडातून आवाज काढला नाही.

"झालं," डॉक्टर म्हणाला. "जा आता पळत."

आणि ती खरंच पळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ती पदर खोचून दोन उड्या मारून दाखवत होती आणि बाया हसून लोळत होत्या. मला बघून तिनं तिथूनच ओरडून सांगितलं, "बाई, माहा पाय सोळा वर्षांचा झाला वं!" मलाही हसू आलं. मला फार बरं वाटलं, हे मी लपवत नाही. जणू ते औषध मीच तयार केलं होतं.

त्याच महिन्यात यवतमाळहून निरोप आला, आईचे गुडघे धरलेत, ये. मी चार दिवसांसाठी गेले. वडिलांनी हाडाच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होती. स्वच्छ खोली, पांढरी चादर, पडदा. डॉक्टरांनी आधी फोटो काढायला लावला, रक्त तपासलं, मग हात धुतले, मोजे घातले, गुडघा तीन वेळा पुसला. पुड्यातली नवी सुई काढली. बाटलीवरचं नाव मी वाचलं. तीच बाटली. कृषी केंद्रातल्या बाकाखाली रिकामी पडलेली मी पाहिली होती ती.

डॉक्टर आईशी बोलत होते, पण लिहून मी घेत होते. "हे झीज भरून काढत नाही, फक्त सूज उतरवतं. दुखणं थांबलं म्हणजे गुडघा बरा झाला असं समजू नका. दोन दिवस पायावर जोर नको. चार महिने दुसरं घ्यायचं नाही, वर्षात तीनच्या वर तर नाहीच. आणि एक गोष्ट नीट ऐका. गुडघा गरम लागत असेल, लाल झाला असेल, अंगात कणकण असेल, तर सुई टोचायचीच नाही. आत घाण असली तर हे औषध तिला रान मोकळं करून देतं. पाय जाईल."

आई दोन दिवस उशीवर पाय ठेवून पडून होती. मी तिला बाथरूमपर्यंतसुद्धा आधार देऊन नेत होते. ती कंटाळून म्हणाली, "अगं, मला काही होत नाहीये," तर मी तिला रागावले. डॉक्टरांचं सांगणं लिहिलेला कागद मी तिच्या उशाशी ठेवला आणि येताना वडिलांना दोनदा वाचून दाखवला.

परत आले तेव्हा मावशीच्या पहिल्या सुईला तीन आठवडे झाले होते. गुडघा पुन्हा भरला होता. मामाजींनी मला न विचारताच तिला दुसरी सुई देऊन आणली होती.

मी त्यांना सांगितलं. जेवायला वाढता वाढता, जरा भीतभीतच. "मामाजी, ते औषध इतक्या लवकर परत देत नाहीत. माझ्या आईच्या डॉक्टरनं सांगितलं. चार महिने थांबावं लागतं."

त्यांनी भाकरी मोडली. "तुह्या आईले कापूस येचा लागते का?"

त्यांनी भाजी मागितली, मी वाढली. त्यानंतर हा विषय मी पुन्हा काढला नाही. माझ्या मनानं मला बऱ्याच गोष्टी समजावल्या. मावशीची हाडं कामाची आहेत, शहरातल्या बायांसारखी नाजूक नाहीत. तिला स्वतःलाच सुई हवी असते. मी नाही नेलं तर दुसरं कुणी नेईल. तिसरी सुई महिन्याभरानं झाली, तेव्हा तिला मीच घेऊन गेले. तिचा पाय धरायला आता मला सांगावं लागत नव्हतं.

चौथ्या वेळी मामाजी गावात नव्हते. ते कापसाच्या गाड्या घेऊन दिग्रसला गेले होते आणि तिथेच अडकले होते. जाताना म्हणाले होते, "नदीकाठचं वावर राह्यलं. मी येईतो झालं पाह्यजे." त्या वावराची जबाबदारी पहिल्यांदाच एकट्या माझ्यावर होती, आणि मला ते करून दाखवायचं होतं. सासरी येऊन दोन वर्षं झाली होती. शहरातली पोरगी, हिला काय शेतीतलं कळणार, हे मी बरंच ऐकलं होतं.

सकाळी टोळी अंगणात जमली. मावशी काठी घेऊन आली. तिच्या पाठीशी तिची मुलगी उभी होती, वीस-एकवीस वर्षांची, टोळीत सगळ्यात शांत. मावशी म्हणाली, "बाई, आज मी येत नाही. बायाइले तूच घेऊन जा."

"बाया तुझ्याशिवाय ऐकत नाहीत."

"गुडघा गरम लागून राह्यला. आंगबी कसंतरी होते."

मी हात लावून पाहिला. तव्यासारखा नव्हता, पण गरम होता. हे मला स्पष्ट आठवतं. आईच्या उशाशी ठेवलेला कागद माझ्याच अक्षरातला होता, त्यातली ओळ न ओळ मला पाठ होती.

"सुई घेऊन ये," मी म्हणाले. "डॉक्टर आलाय आज. मी नेते."

"आज नको वं. दोन दिवस जाऊ दे."

"दोन दिवसांत पाऊस आला तर? बघ बाई, तुला जमत नसेल तर तसं सांग. टोळी मी दुसरीच्या हाती देते. मग पुढच्या साली कुणाच्या वावरात जायचं ते तुझं तू बघ."

बारा बाया ऐकत होत्या. जिच्याकडे मी टोळी देईन असं सगळ्यांना वाटलं, ती मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मग मुलीला म्हणाली, "काठी धर माही," आणि माझ्याबरोबर निघाली.

डॉक्टरनंही गुडघ्याला हात लावला. "गरम हाय," तो म्हणाला, माझ्याकडे बघून.

"चालून आलीय ना एवढं," मी म्हणाले.

त्यानं सुई भरली.

दुपारपर्यंत मावशी वावरात होती. नदीकाठचं वावर संध्याकाळी अर्धं झालं, दुसऱ्या दिवशी पूर्ण. दुसऱ्या दिवशी मात्र मावशी आली नव्हती. मुलगी एकटीच आली होती. मी तिला आई कशी आहे ते विचारलं, ती म्हणाली, ताप आहे. मी म्हटलं, थंडीतापाची गोळी दे. चौथ्या दिवशी तीच मुलगी धावत आली, तोंडाला कोरड पडलेली. "बाई, माय वळखून नाही राह्यली मले."

मी गेले. झोपडीत शिरताच वास आला. मावशी गोधडीवर पडली होती, डोळे उघडे, पण ती मुलीला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं हाक मारत होती. गुडघा भोपळ्याएवढा झाला होता, कातडी लाल, ताणलेली, चमकणारी. त्यावर एरंडाचा पाला बांधलेला होता. मुलीनं तो सोडला, तर खाली कातडी भाजून फोड आलेले. दुखणं थांबेना म्हणून पोरीनं पाला तव्यावर तापवून दिवसातून चार वेळा बांधला होता. म्हाताऱ्या बायांनी सांगितलं होतं तसं.

आम्ही मिनीडोर टेम्पोत गादी घालून मावशीला यवतमाळला नेलं. रस्ताभर खड्डे. प्रत्येक खड्ड्याला ती ओरडत होती, आणि मुलगी तिचा पाय मांडीवर घेऊन वर धरून बसली होती.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं गुडघ्यात सुई घातली, तर दाट पू आला. तो भडकला. "काय केलं याला? काय लावलं?"

मुलगी म्हणाली, "पाला बांधला, सायब. एरंडाचा."

"गरम करून?"

"हाव."

"हे फोड बघतेस? इथून घाण आत गेलीय. आईचा पाय स्वतःच्या हातानं सडवलास तू. दुसरं काही केलंय? कुठं इंजेक्शन वगैरे?"

मावशी शुद्धीत नव्हती. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. सुई चारच दिवसांपूर्वी झाली हे तिला माहीत होतं, पण सगळ्या बाया घेतात त्या सुईनं काही बिघडत असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं आणि सायबासमोर काय सांगावं ते कळत नव्हतं, म्हणून तिनं शिकलेल्या माणसाकडे पाहिलं. डॉक्टरही माझ्याकडेच बघत होता.

"पूर्वी कधीतरी घेतलं होतं," मी म्हणाले. "बरेच दिवस झाले."

मुलीनं मला खोडलं नाही; शिकलेली बाई सांगते तसंच सायबाला सांगायचं असेल, असं तिला वाटलं असावं. डॉक्टरनं ते लिहून घेतलं आणि पुन्हा मुलीकडे वळून तिला बोलायला लागला. ती भिंतीला टेकून उभी होती आणि आपले दोन्ही हात बघत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. जाऊ दे, तू मुद्दाम थोडंच केलंस, असं काहीतरी म्हणाले. त्या वाक्याची मला आजही जितकी किळस येते, तितकी त्या खोट्याची येत नाही.

गुडघा दोनदा उघडून धुतला. महिनाभर मावशी तिथे होती. जीव वाचला. पाय राहिला, पण सरळ, काठीसारखा. गुडघा कायमचा आखडला. तिला मांडी घालता येईना, उकिडवं बसता येईना, खाटेवरून एकटीनं उठता येईना. वेचणी संपलीच. टोळी दुसऱ्या बाईच्या हाती गेली आणि पुढच्या साली आमच्याच वावरात आली. मामाजींनी मावशीच्या घरी ज्वारीचं एक पोतं पाठवलं आणि गावात तसं सांगितलंही.

मावशीच्या पायाचं काय झालं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पोरीनं पाला बांधून माय लंगडी केली. पाणवठ्यावर बाया तिला ऐकू जाईल अशा बोलत. पण सगळ्यात जास्त बोलायची मावशी स्वतः. जी बाई धुऱ्यावर उड्या मारून बायांना हसवायची, ती खाटेवर पडल्या पडल्या दिवसभर एकच बोले. मुलीनं पाणी द्यायला उशीर केला की, "पाय खाल्ला, आता जीव खा." तिला उचलताना जरा धक्का लागला की, "त्याच हातानं धरून राह्यली ना, मंग दुखनच." मुलगी उत्तर देत नसे. ती सकाळी आईला उचलून बाहेर नेई, आंघोळ घाली, वेणी घाली, भाकरी हाताशी ठेवी, आणि कामाला जाई. पांढरकवड्याकडचं एक स्थळ आलं होतं, चांगलं होतं. तिनं स्वतःच नाही म्हणून कळवलं.

मी हे सगळं बघत होते, दुरून. मग मामाजी गेले, शेत आम्ही बटईनं, अर्ध्या वाट्यावर, कसायला दिलं, नवऱ्याची बदली दिग्रसला झाली आणि मी गाव सोडलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

सुटका काही वर्षंच टिकली. आईचे गुडघे वर्षाकाठी एखाद्या इंजेक्शनावर चांगले चालत होते, ती देवळात जाई, बाजारात जाई, आणि मी प्रत्येक वेळी तिच्यासोबत त्या डॉक्टरकडे बसून तीच पथ्यं पुन्हा ऐकत होते. एका हिवाळ्यात तिथूनच मी घाटंजीची बस धरली.

मावशी घरासमोर उन्हात बसली होती, सरळ पाय पुढे पसरून. कापसाच्या वाती वळत होती. पेळू नडगीवर ठेवायचा आणि तळहातानं फिरवायचा. तो पाय वाती वळायला सोयीचा झाला होता. मुलगी पाणी आणायला गेली होती.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. आईचा डॉक्टर, कागद, गरम गुडघा, दवाखान्यात मी काय बोलले ते. तिनं वाती वळणं थांबवलं नाही. मी रडत होते. तिनं मला रडू दिलं आणि मग विचारलं, "पोरीले सांगतलं का हे?"

"नाही. आता सांगते. म्हणूनच आलेय."

"सांगू नको."

मला वाटलं, मला ऐकू चुकीचं आलं.

"सांगू नको म्हणतो मी. ते मले सकाळी उचलते. संध्याकाळी उचलते. आलेलं लगन तिनं मोडलं. काहून मोडलं? तिले वाटते तिनं माहा पाय नेला. हे समजलं तं ते उद्या जाईन. मंग मले कोन उचलन?" तिनं वात टोपलीत टाकली. "तू उचलशीन का?"

मी टोपलीतल्या वातींकडे पाहिलं.

"इचारून राह्यली मी. तू येशीन का रोज, मले हागाले न्याले?"

मी खाली बघत राहिले.

"मंग चूप राह्य. तुले येते चूप राहता."

तेवढ्यात मुलगी आली, डोक्यावर पाण्यानं भरलेला गुंड. तिचे केस पुढून पांढरे व्हायला लागले होते. मला बघून ती खरोखर आनंदानं हसली. "बाई, कवा आल्या?" मावशीनं तिला गुंड उतरवू दिला नाही. "ये, ये. बाईले दाखव तुहे हात. ह्याच हातानं पाला बांधला म्हणा." मुलगी तशीच उभी राहिली. मावशी हे बोलताना माझ्याकडे बघत होती.

मी चहा घेतला आणि पाचच्या बसनं परत आले. बसमध्ये बसल्यावर मला काय वाटलं ते लिहिलं नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला हलकं वाटलं. मी सांगायला गेले होते आणि मला मनाई झाली होती. आता गप्प राहणं माझं राहिलं नव्हतं, तिचं होतं.

पुढची दोन वर्षं मी तशी गप्प राहिले. मग मावशी तापानं गेली. मी तेरवीला गेले. मांडवात बाया जेवत होत्या, मुलगी वाढत होती. जरा पांगापांग झाल्यावर मी तिला घरामागे बोलावलं आणि उभ्यानंच सांगितलं. रडले नाही या वेळी. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर एकच विचारलं.

"मायले माहीत होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. मेलेल्या बाईची तेवढी अब्रू राखता आली असती. पण खोटं बोलून मी या पोरीचं किती घेतलं होतं, ते माझ्यासमोर उभं होतं.

"हो," मी म्हणाले.

"कवापासून?"

"दोन वर्षं झाली. मी आले होते ना हिवाळ्यात, तेव्हापासून."

तिनं बोटांवर महिने मोजले. मग हळू आवाजात म्हणाली, "मागच्या पोळ्याले मी तिच्या पाया पडली होती. म्हटलं, माय, चुकलं माहं, आता तं माफ कर. ते म्हणे, पाय वापस दे, मंग करतो माफ." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तवा तिले माहीत होतं?"

"हो."

तिनं पदरानं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "चला, जेवून घ्या."

"मला नको. भूक नाही."

"माह्या मायचं जेवन हाय. बिना जेवल्याचं कोनी जात नसते."

तिनं मला मांडवात बसवलं आणि स्वतः वाढलं. पोळ्या, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. मी कसंबसं संपवलं तर पुन्हा वाढलं. नको म्हणाले, हात आडवा धरला, तिनं हात बाजूला करून वाढलं. "खा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. बाजूच्या बायांना वाटलं, केवढा हा आग्रह. ती समोर भांडं धरून उभी होती. तिसऱ्यांदा वाढलेली बुंदी मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळली. पत्रावळीवर दाणा उरला नाही तेव्हा ती बाजूला झाली.

महिन्याभरात तिनं घराला कुलूप घातलं आणि वणीला गेली. तिथं खाणीवरच्या ट्रकवाल्यांच्या खाणावळीत ती पोळ्या लाटते, असं गावातल्या एका बाईनं मला दिग्रसच्या बाजारात सांगितलं. लग्न केलं नाही. चांगली आहे म्हणाली, जाड झाली आहे.

त्याच बाईनं निरोपही आणला होता. त्या औषधाचं नाव कागदावर लिहून पाठवा, एवढाच. आणखी काही नाही. तिला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं; पुढे कुणी सुई भरली तर बाटलीवरची अक्षरं ती कागदाशी ताडून बघणार असेल. मी बाजारातच एका दुकानदाराकडून कागद मागून घेतला, मोठ्या अक्षरांत ते नाव लिहिलं आणि घडी करून त्या बाईच्या हातात दिलं.